बल्लारशाह जंक्शन

चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर शहराचे रेल्वे स्थानक. दिल्ली–चेन्नई मुख्य मार्गावर, नागपूरपासून सुमारे २१० किमी. व चंद्रपूरपासून सुमारे १५ किमी. दक्षिणेस. दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्यांना महाराष्ट्रात लागणारे हे पहिले मोठे स्थानक. वर्धा नदीकाठचा किल्ला गोंड राजांचा. त्यांची राजधानी चंद्रपूरला जाण्यापूर्वी येथे होती.

या भागात रूळ आले ते कोळशासाठी. वर्धा–वरोरा मार्ग १८७०च्या दशकात वरोऱ्याच्या खाणीकरिता टाकला गेला आणि पुढे तो बल्लारशाहपर्यंत वाढला. नदीपलीकडे निजामाचे राज्य होते, म्हणून बराच काळ हे शेवटचेच स्थानक राहिले. निजामाच्या रेल्वेने काझीपेठकडचा दुवा पुरा केला तेव्हा दिल्ली–मद्रास सरळ रस्ता मिळाला. १९२९ साली सुरू झालेली ग्रँड ट्रंक एक्सप्रेस आजही याच वाटेने धावते.

स्थानक मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात असले, तरी येथून पुढे दक्षिण मध्य रेल्वेची हद्द लागते, तर गोंदियाकडून येणारा फाटा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबतात, चालक-गार्ड बदलतात आणि जेवणाचे डबे चढतात. मुंबईला जायचे तर नंदीग्राम एक्सप्रेस आहे; ती मात्र आदिलाबाद–नांदेड असा मराठवाड्याचा वळसा घालते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतले सागवान बल्लारपूरच्या लाकूड डेपोत येते. अयोध्येच्या राममंदिरासाठीचे सागवान मार्च २०२३ मध्ये येथूनच रवाना झाले. स्थानकाच्या भिंतींवरही जंगलच आहे. ताडोब्याचे वाघ व इतर वन्यजीव रंगवलेल्या बल्लारशाह आणि चंद्रपूर या दोन स्थानकांना २०१८ साली रेल्वे मंत्रालयाच्या सुशोभीकरण स्पर्धेत पहिले पारितोषिक विभागून मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोंदिया मार्गावर जुनोन्याजवळ रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे ठार झाले. चित्रांची दखल दिल्लीने घेतली. रुळांवरून जाणाऱ्या वाघांना वाट कशी द्यायची, हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. माणसांची वाटही निर्धोक नव्हती. २७ नोव्हेंबर २०२२ रोजी पादचारी पुलाचा भाग कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला व अनेकजण जखमी झाले.

गोंदिया–चांदा फोर्ट हा बंगाल नागपूर रेल्वेचा अरुंद मार्ग. नव्वदच्या दशकात तो रुंद झाला आणि गोंदियाच्या गाड्या थेट बल्लारशाहला येऊ लागल्या. याच मार्गावरील वडसा (देसाईगंज) हे गडचिरोली जिल्ह्यातील दीर्घकाळ एकमेव स्थानक. जिल्ह्याच्या मुख्यालयापर्यंत रूळ नेण्यासाठी वडसा–गडचिरोली हा सुमारे ५० किमी.चा मार्ग मंजूर झाला. त्यातील बराच भाग वनजमिनीतून जातो.