परिसंकोची स्नायू

परिसंकोची स्नायू : शरीरातील पोकळ नळीच्या किंवा पिशवीच्या तोंडाभोवती वर्तुळाकार बसलेला आणि आकुंचन पावून ते तोंड मिटणारा स्नायू. डोळ्याच्या बाहुलीभोवती, अन्ननलिका जठराला मिळते तिथे आणि जठरातून अन्न लहान आतड्यात उतरते तिथे असे स्नायू असतात. पित्त व स्वादुरस आतड्यात सोडणाऱ्या द्वाराशी असलेल्या स्नायूचे वर्णन रुजेरो ऑद्दी या इटालियन संशोधकाने विद्यार्थिदशेतच, 1887 मध्ये केले. तो स्नायू त्याच्याच नावाने ओळखला जातो. या द्वारांवर माणसाच्या इच्छेचा अंमल नाही. मलमूत्राच्या द्वारांवर तो थोडाफार चालतो, आणि म्हणूनच लघवी-संडास रोखणे सर्वस्वी मनाच्या निग्रहावर असते, असा समज रुजला आहे. शरीररचना हा समज खोटा ठरवते.

गुदद्वाराशी एकात एक असे दोन परिसंकोची असतात. आतला अनैच्छिक असून विश्रांतीच्या अवस्थेतील बहुतांश दाब तोच राखतो, आपल्या झोपेतसुद्धा. बाहेरचा ऐच्छिक असतो. पण तो पूर्ण जोराने आवळला तर त्याची ताकद साधारण मिनिटभरातच ओसरू लागते. मल गुदाशयात उतरताच आतला प्रतिक्षिप्तपणे सैल पडतो आणि बाहेरचा तेवढ्यापुरता मार्ग अडवतो. लघवीचे नियमन याहून गुंतागुंतीचे आहे. मूत्राशय भरत जाताना त्याची भिंत सैलावते, त्यामुळे आतला दाब फारसा वाढत नाही. बाह्य परिसंकोचीचा ताण मात्र आपोआप वाढतो. सुमारे 150 ते 200 मिलिलिटरला पहिली जाणीव होते, 400 ते 500 मिलिलिटरला घाई. मोकळे होताना मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र आधी परिसंकोची सैल करते, मग मूत्राशयाची भिंत आकुंचन पावते. या साखळीत इच्छेचे काम परवानगी देणे किंवा लांबवणे, एवढेच.

इच्छेची ही मर्यादा रोजच्या लोकलप्रवासात जाणवते. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील टिटवाळा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 64 किलोमीटरवर आहे. लोकलचा प्रवास साधारण दीड तासाचा, आणि लोकलला स्वच्छतागृह नसते. हजारो लोक रोज निभावतात, मग शरीराला सवय होतेच की, असा आक्षेप यावर घेता येईल. त्यात तथ्य आहे. मूत्रपिंडे तासाला साधारण 60 मिलिलिटर लघवी तयार करतात. म्हणजे दीड तासात 90. निरोगी माणसाला हे सहज पेलते. पण हा हिशेब गाडीत चढताना मूत्राशय रिकामे असेल तरच जुळतो. घरापासून स्टेशन, फलाटावरची वाट, उतरल्यावर कचेरीपर्यंतची चाल, आणि वाटेत स्वच्छ, सुरक्षित जागा नसणे, हे सगळे धरले की दीड तासाचे तीन होतात. गरोदर स्त्री, बाळंतपणात श्रोणितलाचे (ओटीपोटाच्या तळाचे) स्नायू ताणले गेलेली स्त्री, मधुमेही, प्रोस्टेट वाढलेला वृद्ध यांचा हिशेब तर मुळातच वेगळा. स्त्रियांना मुताऱ्यांसाठी पैसे मोजावे लागत आणि पुरुषांना त्या मोफत असत, याविरुद्ध मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली; तिच्या मागणीला शरीरशास्त्राचाही भक्कम आधार आहे.

दुसरा आक्षेप असा, की निघण्यापूर्वी पाणीच कमी प्यावे. अनेक बायका नेमके तेच करतात, आणि ते घातक आहे. लघवी गडद होते, मूतखड्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. संसर्गाने घाई आणखीच वाढते. दाबून ठेवण्याची सवयही अशीच महागात पडते: मल वारंवार दाबून ठेवणाऱ्या मुलांमध्ये बद्धकोष्ठ जडतो, आणि काहींचा बाह्य परिसंकोची जोर करताना सैल पडण्याऐवजी आवळू लागतो. परिसंकोची स्नायूला वेळेवर सैल पडणेही तितकेच यावे लागते.

सवयीचा खरा उपयोग व्यायामात आहे. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 मध्ये श्रोणितलाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. ते आजही लघवी निसटण्यावरच्या उपचारातली पहिली पायरी आहेत. खोकताना, शिंकताना किंवा जिना चढताना लघवी निसटत असेल तर ते लपवू नये, डॉक्टरांना सांगावे. व्यायाम नीट शिकून रोज केले तर साधारण तीन महिन्यांत फरक दिसू लागतो.