गोरेपणाची क्रीम
गोरेपणाची क्रीम : त्वचेचा सावळा वर्ण उजळ करण्याचा दावा करणारे प्रसाधन. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य वर्ण ठरवते आणि अतिनील किरणांपासून संरक्षणही देते. म्हणजे सावळेपणा हा दोष नव्हे, शरीराची सोय आहे.

हिंदुस्थान लिव्हर कंपनीने १९७५ मध्ये भारतात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली. ‘वधू गोरी हवी’ ही अट समाजात रुजलेली होतीच. जाहिरातींनी तिच्यावर दुकानात मिळणारा उपाय सुचवला. खिन्न सावळी मुलगी, टप्प्याटप्प्याने उजळणारे तिचेच चेहरे ओळीने आणि शेवटी नोकरी किंवा चांगले स्थळ, असा त्यांचा ठरलेला साचा होता. २००५ मध्ये इमामीच्या ‘फेअर अँड हँडसम’ने पुरुषांनाही या न्यूनगंडात ओढले.

सावळ्या व्यक्तींना अनाकर्षक वा दुःखी दाखवू नये, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये बजावले. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. गोरेपणासाठी वैद्यकीय सल्ल्याविना वापरल्या जाणाऱ्या स्टेरॉइडयुक्त मलमांनी मात्र त्वचा पातळ होते, चेहरा लालसर पडतो व मुरुमे येतात. निरोगी त्वचेला खरा आजार जडतो, तो असा.