नाशिकच्या प्रशिक्षक आणि इराणचे सुवर्ण

२४ ऑगस्ट २०१८. जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत महिला कबड्डीचा अंतिम सामना. भारत २४, इराण २७. आदल्याच दिवशी भारताचा पुरुष संघही उपांत्य फेरीत इराणकडूनच पराभूत झाला होता. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके मिळवणारा संघ होता तो! पण महिलांच्या पराभवाची सल निराळी होती, कारण विजयी संघाच्या प्रशिक्षक आपल्या नाशिकच्या होत्या : शैलजा जैन.

ही कथा समजून घ्यायची तर थोडे मागे, १९३६ च्या बर्लिनला जावे लागते. त्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्यांत कबड्डीही होती. गंमत अशी की हँडबॉल हा खेळ ऑलिम्पिकमध्ये प्रथम आला तोही त्याच बर्लिनमध्ये, आणि सुवर्णपदक यजमान जर्मनीने घेतले. पुढे हँडबॉल जगभर पसरला. कबड्डीला मात्र आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ होण्यासाठी १९९० उजाडावे लागले. महिलांसाठी तर २०१०.

शैलजाताईंची बहुतेक कारकीर्द राज्याच्या क्रीडा विभागात मुली घडवण्यात गेली. अशा प्रशिक्षकांची नोंद इतिहासात सहसा होत नाही. पदकांच्या यादीत खेळाडूंची नावे असतात, त्यांना पहिली पकड शिकवणाऱ्यांची नसतात. भारतीय संघाचे प्रशिक्षकपद आपल्याला मिळाले नाही आणि आपली योग्यता सिद्ध करायची होती, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. निवृत्तीनंतर इराणकडून बोलावणे आले आणि त्या गेल्या. देश नवा, भाषा नवी, त्यात आहार शाकाहारी. त्या कामापुरती फारसी शिकल्या आणि सरावात योगासने व प्राणायाम आणले. श्वासावर उभ्या असलेल्या खेळात प्राणायाम यावा, यात नवल ते काय? २०१४ च्या अंतिम सामन्यात इराण भारताकडून ३१–२१ असा हरला होता. चार वर्षांनी चित्र पालटले.

हा देशद्रोह होता का? मला हा प्रश्नच गैर वाटतो. आल्फ्रेड गिस्लासन हे आइसलँडचे माजी हँडबॉलपटू २०२० पासून जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आहेत. २०२४ च्या युरोपीय स्पर्धेत त्यांच्या जर्मनीने आइसलँडलाच हरवले. त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जर्मनीला रौप्यपदक मिळाले. खेळ सर्वांचा व्हावा असे म्हणायचे आणि तो शिकवणारा परदेशी गेला की कपाळाला आठ्या घालायच्या, हे विसंगत आहे. आमच्या नवी मुंबईच्या जुन्या गावठाणांत कबड्डीवर जीव टाकणारी माणसे आहेत. तिथे हा वाद घातला तर माझे कितपत ऐकून घेतील, हा भाग वेगळा!

लांबणीवर पडलेली पुढची आशियाई स्पर्धा २०२३ मध्ये हांगझोऊला झाली. भारतीय महिलांनी सुवर्ण परत मिळवले, पण अंतिम सामन्यात समोर इराण नव्हता. चिनी तैपेईचा संघ होता, आणि निकाल २६–२५ असा लागला.