जाई की जुई?



जाई-जुई आपण एका दमात म्हणतो, पण फुलं वेगळी आहेत. जाईची कळी बाहेरून गुलाबीसर, फूल मोठं. जुई बारीक, पांढरीशुभ्र, पावसाळ्यात बहरणारी. ओंजळभर वेचली तरी गजरा वीतभरच होतो. दोघीही मोगऱ्याच्याच कुळातल्या.

नावांचा इतिहास त्याहून मजेदार. संस्कृतात जाई म्हणजे ‘जाती’ आणि जुई म्हणजे ‘यूथिका’. प्राकृत बोलणाऱ्यांनी मधला ‘त’ गाळला, सुरुवातीच्या ‘य’चा ‘ज’ केला आणि जातीची झाली जाई, यूथिकेची जूहिआ. तीच पुढे आपली जुई. ही प्राकृत आपल्याला परकी नाही. आगम प्राकृतात, णमोकार प्राकृतात. आपल्याच पुणे जिल्ह्यात, मावळातल्या पाले गावच्या लेण्यात ‘नमो अरहंतानं’ने सुरू होणारा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे ही दोन्ही नावं आपण रोज म्हणतो त्या णमोकाराच्याच भाषाकुळातली.

हे सगळं शोधायचं कारण घरातच घडलं. बारामतीत माझ्या भावाला मुलगी झाली. बारामतीकरांना जुई हवी, वहिनीच्या इंदापूरच्या माहेराला जाई. नाव ठेवायचा मान फईचा, म्हणून दोन्हीकडचे फोन मला. पंचांग काढलं तर ‘जा’ही मकरेत आणि ‘जू’ही मकरेत, तेव्हा राशीचा काही उपयोग नाही.

माझं मत जुईकडे होतं, अजूनही आहे. ‘यूथ’ म्हणजे समूह. झुपक्याने फुलणारी म्हणून यूथिका. एकत्र कुटुंबात येणाऱ्या लेकीला याहून काय शोभेल? उलट आगमांत ‘जाइ’ म्हणजे जन्म. जाइ-जरा-मरण यांतून सुटायचं म्हणून सगळी साधना, आणि पाळण्यात तोच शब्द घालायचा? भाऊ म्हणाला, एवढा विचार करून कोणी बाळ हाक मारत नाही.

तसा फुलावरून नाव ठेवण्याचा आपल्याकडचा सर्वांत सुंदर दाखला एकोणिसाव्या तीर्थंकरांचा. श्वेतांबर आगमांतल्या ज्ञाताधर्मकथेच्या आठव्या अध्ययनात मिथिलेच्या कुंभ राजाची राणी प्रभावती हिला डोहाळे लागतात ते फुलांचे. फुलांनी भरलेल्या शय्येवर बसावं, फुलांच्या मोठ्या माळेचा वास घ्यावा. प्राकृतात ‘मल्ल’ म्हणजे माल्य, फुलं, फुलांची माळ. म्हणून लेकीचं नाव मल्ली. कुस्तीच्या मल्लाशी याचा काही संबंध नाही, हे मुलांना जरूर सांगा. फुलांच्या डोहाळ्यांनी जन्मलेली हीच मल्ली पुढे मोहित झालेल्या सहा राजांना सोन्याच्या पोकळ पुतळीत साठवलेल्या अन्नाची दुर्गंधी दाखवून देहाचं खरं रूप समजावते. दिगंबर परंपरा मल्लिनाथांना पुरुष मानते. आमच्या घरात दोन्हीकडच्या सुना आहेत, त्यामुळे हा विषय आम्ही जेवणाच्या ताटावर घेत नाही.

फुलांची नावं पुरुषांनाही असत. नवव्या तीर्थंकरांचं एक नाव पुष्पदंत. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने आहे, त्या वालचंद हिराचंदांच्या भावाचं नाव गुलाबचंद. पुरुषांचं फूल मात्र जन्मभर त्यांच्यापाशी राहायचं. बायकांचं लग्नात ताटभर तांदळांत नवं नाव लिहिलं की जुनं संपलं.

लेखिका मालतीबाई बेडेकर माहेरच्या बाळूताई खरे. १९३३मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने त्यांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि महाराष्ट्र हादरला. १९३८मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न झालं आणि त्या मालती झाल्या. गंमत म्हणजे अमरकोशात मालती आणि जाती एकाच फुलाची नावं आहेत. म्हणजे बाळूताईंना लग्नात जाई मिळाली, पण बाळू गेली.

हे मी इंदापूरला फोनवर सांगत होते, तेव्हा वहिनीच्या आजी म्हणाल्या, “माझं उलटं झालं बाई. मी जाईच होते.” चौदाव्या वर्षी लग्न झालं, सासरी दुसरं नाव ठेवलं. माहेरचे एकेक जण गेले तसं जाई म्हणणारंही कोणी उरलं नाही. रेशनकार्डावर, बँकेत, मंदिराच्या देणगीच्या पावतीवर सासरचंच नाव. वहिनीलासुद्धा हे ठाऊक नव्हतं. आजींनी जाईचा हट्ट धरला होता, पण कारण कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

त्यानंतर यूथिकेची व्युत्पत्ती मी कुणाला ऐकवली नाही. बारामतीकरांना एवढंच सांगितलं की फईने ठरवलंय. बारशाला इंदापूरहून आजी आल्या, मी बाळाच्या कानात जाई म्हटलं, आणि भावाकडून एक कबूल करून घेतलं: ही सासरी गेली तरी नाव हेच.

जन्मदाखल्याच्या अर्जावर मात्र एक काळजी घ्यावी लागली. इंग्रजीत जाई तीन अक्षरांत लिहिलं की लोक ‘जय’ वाचतात आणि शाळेत मुलीचं नाव मुलांच्या यादीत जातं. म्हणून शेवटी इंग्रजी ‘ई’ दोनदा घातला. तुमच्याकडे कुणी जाई असेल तर तुम्हीही तसंच करा.