सुश्रुताची पन्नाशी आणि रत्नागिरीचं मुठेल

चाळिशी ओलांडलेल्या बायकांसाठीच्या 'आयुर्वेदिक' गोळ्यांचं सध्या पेव फुटलंय. डबीवर एक वाक्य हमखास असतं: हजारो वर्षांची परंपरा. आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी एकच प्रश्न पडतो, सोर्स कुठाय? म्हणून हा वीकेंड त्यातच घालवला.

विषय तुमच्या-आमच्या घरातलाच आहे. पाळी जायच्या आधीची चार-पाच वर्षं. बसल्याजागी अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, कातडी कोरडी पडून खाज सुटते. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास जाते, म्हणजे हा सगळा प्रकार चाळिशीतच सुरू होतो. घरात याला नाव नसतं. "उष्णता झालीय" म्हणायचं आणि कामाला लागायचं, एवढंच.

तर आधी पोथ्या. सुश्रुत संहितेत पाळीचा काळ दिलाय, वयाच्या १२ व्या वर्षापासून ५० पर्यंत. म्हातारपणाने शरीर पिकलं की रज आटतं, बस्स. अर्ध्या श्लोकात विषय संपला. यावर वेगळा अध्याय नाही, रोग म्हणून नाव नाही. मला हे आवडलं. पाळी जाणं हा आजार नाही असं तो न बोलता सांगतो. पण याची दुसरी बाजू अशी की वाफांचं काय करायचं, हेही तो सांगत नाही!

मग आजचे वैद्य उपचार कुठून आणतात? जोडून. वाग्भटाने आयुष्याचे तीन भाग केलेत: लहानपणी कफ, मध्यात पित्त, शेवटी वात. पाळी जाते ती नेमकी पित्त आणि वाताच्या सांध्यावर. पित्ताची आग आणि वाताचा कोरडेपणा, दोन्ही एकदम. मांडणी सुंदर आहे, पण ती जुन्या सुट्या भागांतून अलीकडे जुळवलेली आहे. औषधंही तशीच. चरकाने दाह शमवणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गट दिलाय, त्यात चंदन, वाळा, उपळसरी, गुळवेल आहेत. तापातल्या आगीवर हजार वेळा धुतलेलं तूप चोळायला सांगितलंय. रोजचं अभ्यंग तर वाग्भटाच्या दिनचर्येतच येतं. यातलं काहीही खास पाळी जाणाऱ्या बाईसाठी लिहिलेलं नव्हतं.

(युरोपनेही फार दिवे लावले नव्हते. 'मेनोपॉज' हा शब्दच मुळी गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८२१ मध्ये रूढ केला.)

आता रत्नागिरीला या. इथे उष्णतेवरचा उपाय कोणालाही विचारा, उत्तर एकच: कोकम. सरबत प्या, सोलकढी प्या, पित्ताच्या गांधी उठल्या तर आमसूल पाण्यात कोळून अंगाला लावा. आणि गंमत इथेच आहे. पोथीत कोकमाला वृक्षाम्ल म्हणतात. चरक त्याला हृदयाला हितकर फळांत बसवतो, पण सोळाव्या शतकातला भावप्रकाश कच्च्या वृक्षाम्लाला चक्क उष्ण आणि पित्त वाढवणारं म्हणतो. म्हणजे ज्या पित्तावर कोकणातली बाई आमसूल कोळते, तेच पित्त त्याने वाढतं असं पोथी सांगते! शास्त्र एकीकडे, स्वयंपाकघर दुसरीकडे. डबीवरच्या 'परंपरे'त हे दोन्ही सर्रास एकत्र ढवळलेलं असतं.

कोरड्या कातडीचं प्रकरण त्याहून भारी आहे. एप्रिल-मेमध्ये आमसुलं करताना बिया उरतात. त्या वाळवायच्या, फोडायच्या, आतला मगज कुटून पाण्यात उकळायचा. वर तरंगणारं तेल काढून थिजलं की मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून ते मुठेल. मुंबईच्या डायमॉकने वॉर्डन आणि हूपर यांच्यासोबत १८९० च्या सुमारास हिंदुस्थानी औषधी वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ काढला, त्यात कोकमाचं हे तेल आहे. करणाऱ्या बायकांची नावं अर्थातच कुठेच नाहीत. मुठेल साधारण ४० अंशांना वितळतं, त्यामुळे मे महिन्यातही घट्ट राहतं आणि लावताना किंचित शेकावं लागतं. ते काम कसं करतं तेही सरळ आहे, कातडीवर थर धरून आतलं पाणी उडू देत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन जवळजवळ ३० टक्के घटतं, ते मात्र मुठेल परत आणत नाही.

एवढं सगळं बायकांना ठाऊक होतं, मग लिहिलं का गेलं नाही? मराठीत शरीराबद्दल उघड लिहायची किंमत काय होती ते याच जिल्ह्यातल्या मुरूडच्या र. धों. कर्व्यांकडे पाहून कळतं. १९२७ ते १९५३ त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. शिकलेल्या, पुरुष संपादकाची ही गत, तर माजघरातली बाई काय लिहिणार?

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत हार्मोनच्या गोळ्यांचा एक भाग धोका दिसल्यामुळे थांबवला गेला. बायका घाबरल्या, वनस्पतींकडे वळल्या. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि साठीच्या आतल्या बहुतेकींसाठी हिशेब वेगळा निघतो, हे नंतर स्पष्ट झालं. तोवर बाजार उभा राहिला होता. वाफा येतात त्या मेंदूतला तापमानाचा काटा हळवा झाल्यामुळे, आणि त्यावर कोकम सरबत चालतं असं दाखवणारा भक्कम पुरावा माझ्या हाती लागला नाही. उकाड्यात प्यायला ते उत्तम आहे, तेवढंच. तिखट, गरम चहा कमी केला तर अनेकींना फरक पडतो. गोळ्या घ्यायच्याच असतील तर आत काय आहे ते बघा. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. आणि पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं तर "उष्णता" म्हणून घरी बसू नका, तडक डॉक्टर गाठा.

'सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम' या नावाला २०१६ मध्ये जीआय मिळाला. फळाचं नाव लागलं, छान झालं. पुढच्या खेपेला गावी गेलात की आजीला विचारा, तिच्या पंचेचाळिशीत रात्री झोप लागायची का, आणि तेव्हा ती काय करायची. आधी हसेल बहुतेक :-) पण थांबा जरा, सांगेल.