फ्रान्सिस आणि फिरंगी

वसईच्या पाचूबंदरात वलांडीवर बोंबील वाळत असताना ‘ए फ्रान्सिस!’ अशी हाक मारा, दोघे-तिघे तरी वळून बघतील. फ्रेंचांचा हा फ्रांस्वा. लॅटिनमध्ये फ्रान्सिस्कस, म्हणजे फ्रँक लोकांतला. असिसीच्या संत फ्रान्सिसचं बाप्तिस्म्याचं नाव जोव्हान्नी होतं. कापडाचा व्यापारी बाप फ्रान्सहून परतला आणि पोराला फ्रान्चेस्को म्हणू लागला, असं सांगतात. म्हणजे लाडाचं ‘फ्रेंचुल्या’च! गंमत पुढेच आहे. त्याच ‘फ्रँक’चं अरबी-फारसीत फरंग झालं आणि आपल्याकडे फिरंगी. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तो फिरंग्यांकडूनच, म्हणजे पोर्तुगीजांकडून. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. (फरसबीही त्याच गोतावळ्यातली, फ्रेंच बीन!)