नुस्खा, चिठ्ठी आणि मणी

डॉक्टर औषध लिहून देतात त्या कागदाला मराठीत चिठ्ठी म्हणतात, उर्दूत नुस्खा. नुस्खा हा मूळचा अरबी शब्द आणि त्याचा अर्थ प्रत, नक्कल. हकिमाच्या मनात ठरलेला इलाज कागदावर जसाच्या तसा उतरला पाहिजे, ही अपेक्षा त्या शब्दातच आहे असे म्हणता येईल. युनानी परंपरेत नुस्खानवीसी ही शिकायची विद्या होती. शागीर्द उस्तादाशेजारी बसून ती शिकत. माथ्यावर ‘हुवश्शाफी’, म्हणजे बरे करणारा तोच, असे लिहीत. खाली एकेक औषध, त्याचे तोळा-मासा-रत्तीतले वजन, काढा की चूर्ण आणि केव्हा घ्यायचे, हे येई.

युरोपातली रीत फारशी वेगळी नव्हती. चिठ्ठीवरचे ‘आरएक्स’ हे चिन्ह ‘घे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आले. त्यापुढे औषध व मात्रा, मग औषध बनवणाऱ्यासाठी सूचना आणि शेवटी रोग्यासाठी सूचना. आपल्याकडे १९४५ च्या औषध नियमांनी चिठ्ठीला कायद्याची चौकट दिली. ती लेखी हवी, तिच्यावर सही व तारीख हवी, रोग्याचे नाव-पत्ता हवा, एकूण औषध किती आणि एका वेळी किती घ्यायचे तेही हवे. पण ‘बीडी’, ‘टीडीएस’ ही लॅटिन आद्याक्षरे राहिलीच. ती दुकानदाराला कळतात. ज्याला गोळी गिळायची आहे त्याला कळत नाहीत.

या अडचणीची खरी कसोटी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात लागली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. भामरागडकडच्या माडिया पाड्यांत बोली वेगळी, औषधाचे दुकान दूर आणि अक्षरओळख थोडी. १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना चालवला. अशा मुलखात नुसता कागद हाती देऊन रोगी बरा होत नाही.

१९८६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हा प्रश्न मुळातूनच हाताळला. न्यूमोनियाने बालके दगावत होती. निदानासाठी मुलाचे श्वास मोजावे लागतात, पण अनेक सुइणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून मण्यांची पाटी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला, तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचे. जे डॉक्टर चिठ्ठीत लिहितो, ते इथे मण्यांत लिहिले होते.

पुढे ३९ गावांत नवजात बाळांसाठी आरोग्यदूत नेमल्या गेल्या. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या या बाया घरोघर जाऊन छापील तक्त्यात बाळाची लक्षणे नोंदवत आणि ठरलेल्या नियमाने जंतुसंसर्गावर औषध व इंजेक्शन देत. १९९७-९८ मध्ये तिथला नवजात मृत्युदर हजारी २५.५ होता, तुलनेसाठी निवडलेल्या गावांत तो ५९.६ होता. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०११ मध्ये घरोघरच्या नवजात सेवेचा कार्यक्रम देशभर आशांकडे सोपवला गेला.

शहरातल्या चिठ्ठीलाही हा धडा लागू आहे. औषधाचे मूळ नाव लिहावे, असे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत आले. २०१६ मध्ये त्यात सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांची भर पडली. एवढ्याने मात्र भागत नाही. वय हवे, मुलाचे वजन हवे, औषध किती दिवस घ्यायचे ते हवे. ५ मिलिग्रॅम लिहिताना पुढे दशांशचिन्ह आणि शून्य नको, कारण टिंब पुसट झाले तर ५० वाचले जातात. अर्धा लिहिताना मात्र टिंबाआधी शून्य हवेच. आणि वेळ लिहायची ती ‘सकाळी, रात्री, जेवणानंतर’ अशी, रोग्याच्या भाषेत.

हकिमाने शिफा देणाऱ्याचे नाव वर लिहून आपली मर्यादा मान्य केली होती. मर्यादेपलीकडचे त्याच्यावर सोपवले, तरी अक्षर नीट काढणे ही लिहिणाऱ्याचीच जबाबदारी उरते. तो कागद शेवटी आजारी लेकराच्या आईच्या हाती जातो. तिला तो कळला तरच नुस्खा पुरा झाला.